आईच्या साडीचे खिसे

दुसऱ्याच्या घरातल्या कचऱ्याचा हेवा करणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी नणंद आहे. बालाघाटला आमच्याकडे आली की ती माणसांच्या आधी तेलाच्या पिप्याची चौकशी करते. "वहिनी, अजून किती दिवस चालन हे तेल?" रिकामा पिपा मिळाला की त्याच्या कडा ठोकते, झाकणावर गोणपाट शिवते. वर तिच्या शाळेतलं पोरगं बसतं, आत त्याची पाटी-पुस्तकं. गोंदियाला माझ्या भाचीच्या लग्नात नवरी निघाली, सगळ्या बाया डोळे पुसत होत्या, आणि ही मांडवामागे पाण्याच्या बाटल्यांची झाकणं वेचत होती. मी दंडाला धरून ओढलं. तर म्हणते कशी, "रडाले तुम्ही सगळे हाव ना. झाकणं सकाळी झाडून फेकून देतीन, मंग?" झाकणं बेरजेला लागतात, मिठाईचे डबे अक्षरांच्या चिठ्ठ्यांना. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर तिची सगळी शाळा चित्रं काढते.

यात हौस थोडी आणि धास्ती फार. लांजीच्या पुढे एका खेड्यात तिची सरकारी प्राथमिक शाळा आहे. पाच वर्ग, एक खोली, आणि शिकवायला ही एकटी. "एका पोरानं खडू कुठं हाय म्हणून विचारलं का बाकीचे चार वर्ग माह्या हातून गेले," असं ती म्हणते. म्हणून कोणाला काही विचारावंच लागू नये, अशी तिची मांडणी. त्यातही भिंतीवरच्या खिशांचा तिला मोठा अभिमान. जुन्या चादरीवर प्रत्येक पोराचा पट्टी-पेन्सिलीचा एक खिसा, आणि तो त्याच्या आईच्या साडीचा. पहिलीतल्या पोराला नाव वाचता येत नाही, पण आईची साडी ओळखू येते. त्यासाठी ही घरोघरी जाते आणि बायांना बजावते, "पेटीतली नोको, नेसून मऊ झालेली द्या."

यंदा थंडी सरताना कानावर आलं की पोरं कमी असलेल्या शाळा बंद करून नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत सामावून घेणार, आणि त्याआधी शिक्षण खात्याचे साहेब पाहायला येणार. पावसाळ्यात तो नाला उतरू देत नाही. बारक्या पोरी घरी बसतील, आणि बसल्या की बसल्या. नणंदेचं जेवण सुटलं. त्यात कोण्या मास्तरानं, तुमची शाळा कबाडीचं दुकान दिसते, असं म्हटलं. तिनं मला फोन केला. "वहिनी, येऊन जा. मले काही सुधरून नाही राह्यलं."

सकाळच्या बसनं मी पोचले, तर खोली रिकामी. पिपे, डबे, झाकणं, खिशांची चादर, सगळं पोत्यांत कोंबून मागच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये. भिंतीवर बाजारातून आणलेला एक गुळगुळीत तक्ता. "सायबाले साफ दिसलं पाह्यजे," ती म्हणाली.

पोरं आली आणि दारातच थांबली. कुठं बसायचं ते कोणालाच कळेना. पहिलीतली एक पोरगी कोऱ्या भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "मॅडमजी, मेरी मम्मीवाला किधर गया?" मग एकेकाचं सुरू झालं. पट्टी कुठं, पाटी कुठं, मी कुठं बसू. पाचही वर्ग एकदम विचारू लागले, आणि बाहेर जीपचा आवाज आला.

"ताई, पोती आणा," मी म्हटलं.

"वहिनी, सायब दारात हाय."

"असू द्या."

एक पोतं मी ओढलं. बाकीची पोरांनीच आणली. साहेब उंबऱ्यावर उभे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी पोरं पिपे घेऊन आत शिरत होती. चौथीतल्या मुलांनी चादर खिळ्यांना अडकवली. थोड्याच वेळात सगळे आपापल्या जागी बसून कामाला लागले. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, ये सब क्या है?"

आणि ही शहाणी म्हणाली, "सर, कबाड़ है. हटा दूँगी."

मी कपाळाला हात लावला. साहेबांनी एक खिसा बोटांनी चाचपला, फोटो काढला, पाणी प्यायले आणि गेले. बरं म्हणाले नाहीत, वाईटही नाही.

आदेश अजून आलेला नाही. शाळेला सुट्ट्या लागल्या. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, "बालाघाटले काही आयकाले आलं का?" मी नाही म्हणते, ती बरं म्हणते, आणि ठेवत मात्र नाही.

परवा मी तिच्याकडे गेले, तर उंबऱ्यापाशी उजेडाला बसून ती खिसे शिवत होती. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या पोरांचे.

"ताई, आदेश येऊ द्या, मग शिवा. कशाला डोळे फोडता?"

तिनं मान वर केली नाही. मांडीवर हिरव्या साडीचा तुकडा होता, धुऊन धुऊन विरलेला. "हे एकीनं माहेरची साडी फाडून देल्ली, वहिनी. शाळा बंद झाली त तिले काय सांगू मी?"

तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी दोरा ओवून दिला, आणि टोपलीतला दुसरा तुकडा माझ्या मांडीवर ओढला.