सह्यांच्या बॉलची किंमत

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता पुसट झाले. निवृत्तीच्या वर्षातली एक किरकोळ चोरी मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. आजवर एका माणसाशिवाय कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यातला मोठा दोष माझा आहे.

सकाळची हजेरी संपली होती. महिला हवालदार स्टेशन डायरी लिहीत होत्या. दारात आमचे शाळेतले खेळाचे सर उभे. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी अधू, खांद्याला कापडी पिशवी.

"बॉल गेला रे," म्हणाले.

कुठला, ते विचारावं लागलं नाही. बेसबॉल आमच्याकडे कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा सरांनी शाळेचा संघ उभा केला. हातमोजे तीन-चारच, बाकीचे उघड्या हातानं झेल घ्यायचे. राज्य स्पर्धा जिंकलो त्या दिवशीच्या बॉलवर सगळ्या संघाच्या सह्या होत्या. त्यात एक माझी. सर तो पिशवीत घालून रोज मैदानावर नेत, खेळणाऱ्या पोरांना दाखवत. त्या सकाळी पिशवी कट्ट्यावर ठेवून फेऱ्या मारायला गेले. परत आले तर पिशवी होती, बॉल नव्हता.

"सर, किंमत काय लिहू?" हवालदार बाईंनी विचारलं.

"त्याला कसली किंमत? शाळेनं घेतला तेव्हा साठ-सत्तरचा असंल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवा कायदा नुकताच लागू झाला होता. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासाला हात लावता येत नाही.

"सर, पाच हजाराच्या वर सांगा की. मग साहेबांना शोधता येतो."

"बाई, जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणलो. आता बॉलपायी मीच बोलू व्हय?"

मी बाईंना उठवलं आणि स्वतः लिहायला बसलो. 'सह्या असलेला जुना बेसबॉल, किंमत अंदाजे पंचवीस हजार रुपये.' फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवावी लागते. मी वाचली, आकडा तेवढा गाळला. सरांनी चाचपडत सही केली. खरं सांगतो, मला त्या वेळी छानच वाटलं. सरांसाठी काहीतरी केलं होतं.

खेळाच्या सामानाच्या दुकानांत निरोप दिले. दोन दिवसांत गुलमंडीतल्या एका दुकानदाराचा फोन आला.

"साहेब, एक जण आला होता. म्हणे अमेरिकेत असा सह्यांचा बॉल लाखांना जातो, तुम्ही किती देता? मी विचारलं, सह्या कुणाच्या? म्हणे आमच्याच. मग म्हणलं, भाऊ, तुमच्याबगैर घेणार कोण?"

दुकानाच्या कॅमेऱ्यात त्याच्या सिक्युरिटीच्या गणवेशावर एजन्सीचं नाव स्पष्ट दिसत होतं. आमचं पथक शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलं आणि कंपनीच्या गेटवरून, चालू ड्युटीतून, त्याला घेऊन आलं. समोर आणला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. आमच्या संघाचा कॅचर, बॅटवाल्याच्या मागं बसून बॉल पकडणारा.

"अरे, तू हायस व्हय इथं? मंग काय टेन्शन नाय," म्हणत त्यानं डब्याच्या पिशवीतून बॉल काढून टेबलावर ठेवला.

"का घेतलास?"

"रातपाळीहून चाललो होतो. कट्ट्यावर पिशवी दिसली. म्हणलं, लाख आले तर मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन करू."

"आणि खरंच आले असते तर?"

त्यानं बॉल टेबलावर फिरवला. "निम्मे ठेवले असते यार. तुला काय खोटं सांगू."

चौकशीतला माझा अनुभव असा, की स्वतःच्या विरुद्ध जाणारी बारीक गोष्ट जो आपणहून सांगतो, त्याचं बाकीचंही खरं असतं. आम्ही दोघंही हसलो. अटक न करता, हजर राहण्याची नोटीस देऊन संध्याकाळी त्याला सोडलं.

पण त्याच्या एजन्सीनं गुन्हा दाखल आहे म्हणून त्याला गेटवरून काढलं. सुटका माझ्या हातात होती. किमतीचा आकडा चुकीचा आहे, मामला अदखलपात्र आहे, असा अहवाल कोर्टाला दिला असता तर प्रकरण तिथंच गळालं असतं. मग प्रश्न आला असता, आकडा लिहिला कुणी? निवृत्ती तोंडावर आलेली. खात्याची चौकशी लागली की पेन्शन अडकते. मी गप्प राहिलो. त्याला म्हणालो, "लोकअदालतीत मिटवू." तोवर तो शेजाऱ्याची रिक्षा चालवत राहिला.

लोकअदालतीत न्यायाधीशांनी बॉल हातात फिरवून पाहिला. "याचे पंचवीस हजार? कशावरून लावले?"

मी तिथंच उभा होतो. हातातली फाईल चाळू लागलो. सरांनी आकडा पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. मी नेमका कुठं आहे हे त्यांना दिसलं नसावं.

"मीच सांगितले साहेब," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा अंदाज, चुकला."

तडजोड झाली. एजन्सीनं आमच्या कॅचरला परत घेतलं, दुसऱ्या गेटवर.

पुढच्या आठवड्यात मी पडेगावला सरांच्या घरी गेलो. "सर, आकडा मी लिहिला."

"दुसरं कोण लिहिणार? मायेपायी लिहिलास, कळलं मला."

"मग तुम्ही का बोललात तसं?"

"मी बी मायेपायीच." मग थांबून म्हणाले, "आपलं दोघांचं भागलं. त्याचं घर इतके महिने कसं चाललं, ते कोण बघणार?"

लाच घेणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण चुकतोय. आपल्या माणसासाठी खोटं लिहिताना हात कापत नाही, उलट अक्षर सुबक येतं. एवढी नोकरी झाल्यावर, अगदी शेवटी, हे मी शिकलो.

आमचा कॅचर अजून चारचौघांत सांगतो, "साहेब दोस्त होता म्हणून सुटलो." आकड्याची गोष्ट त्याला माहीत नाही. हा लेख छापायला देण्याआधी मी त्याच्याकडे जाणार आहे. त्यानंतर त्यानं चहा विचारला, तर घेईन.