चपला काढून केलेलं वजन

मंडळी, वजन वाढल्याचा आनंद तुम्हाला कधी झालाय? मला आज झाला.

आज पहिल्यांदाच विमानात बसले. विमान छोटं, म्हणून चढण्याआधी प्रत्येकाचं वजन करत होते. आकडा कोणीतरी बघेल म्हणून माझ्या पुढच्या बाई कुरकुरत होत्या.

माझा नंबर आला. मी सवयीने चपला काढल्या, पर्स खाली ठेवली, बांगड्या उतरवायला लागले. तिथली मुलगी हसायलाच लागली. "अहो, सगळं घेऊन उभ्या राहा. विमानाला सगळंच उचलायचंय!"

काय करणार? मी जामसरच्या अंगणवाडीतली. लहानपणी काडीसारखी होते. आमच्या अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला मला काट्याच्या झोळीत बसवायच्या. त्याआधी गळ्यातली मण्यांची माळसुद्धा काढायला लावायच्या. "खोटं वजन मला नको," म्हणायच्या. वजन कमी भरलं की संध्याकाळी उकडलेलं अंडं घेऊन घरी हजर, आणि मी खाईपर्यंत हलायच्या नाहीत.

विमानातून उतरल्यावर पहिला फोन त्यांनाच केला.

"ताई, आज वजन केलं. अठ्ठावन्न किलो! तुमच्यामुळे."

ताई म्हणाल्या,

"बाय, चपला काढल्या होत्यास ना?"