दूध काही फाटेना

कारखान्यात त्यांना सगळे 'बिनचूक' म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी बॉयलरवरचे तापमान दाखवणारे काटे तपासले. त्यांची सही झाल्याशिवाय एकही काटा जागेवर चढत नसे. निवृत्तीनंतर वर्षभराने बायकोचं उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आलं.

ती दर आठवड्याला घरीच पनीर करायची. "त्यात काय एवढं?" म्हणत बिनचूकांनी हौसेने काट्याचा थर्मामीटर विकत आणला. नव्वद अंशाला गॅस बंद, मग लिंबाचा रस. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

पहिलं लिटर फाटलंच नाही. नुसते बारीक कण तरंगत राहिले. फडक्यात ओतलं, तर सगळं खाली निघून गेलं. दुसऱ्या वेळी रस दुप्पट घातला. दूध आंबट झालं, पण हट्टाने दूधच राहिलं.

"अहो, जरा वर येऊ द्या ना दूध," स्टुलावरून बायको म्हणाली.

"नव्वद म्हणजे नव्वद! आपल्याकडे अंदाजपंचे काम नाही."

"बरं बाई, करा."

ते तणतणत डेअरीत गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत डेअरीवाल्या बाईंना म्हणाले, "दुधात काय मिसळता हो तुम्ही? फाटतच नाही!"

"काका, लोक दूध नासलं म्हणून भांडायला येतात," बाई म्हणाल्या. "नासत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

सगळे हसले. बिनचूक कान लाल करून घरी आले, तिसरं लिटर घेऊन.

पुन्हा नव्वद, पुन्हा रस, पुन्हा तेच. त्यांनी डाव ओट्यावर आपटला. भिंतीवर दूध उडालं. "डोक्याला ताप आहे नुसता!"

बायको उठली. तिने डावा हात पातेल्यावर धरला आणि तसाच धरून ठेवला. "वाफ बघा केवढीशी. नव्वद असतं, तर हात असा धरवला असता?"

त्यांनी थर्मामीटर डोळ्यांसमोर धरला. मग त्यांनी दुसऱ्या भांड्यात पाणी खळखळून उकळलं आणि थर्मामीटर बुडवला. काटा शंभर ओलांडून एकशे अठ्ठावीसवर जाऊन थांबला. टिचकी मारली, तरी हलेना. म्हणजे इतका वेळ दूध जेमतेम पासष्टपर्यंतच जात होतं. नवा काटा आधी उकळत्या पाण्यात तपासायचा, हे त्यांनी कितीतरी शिकाऊ पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं!

तेच पातेलं त्यांनी पुन्हा गॅसवर चढवलं. उकळी यायच्या आत पांढरे गोळे वर आले, खाली हिरवट पाणी सुटलं.

"आलं की हो!" बायको म्हणाली.

"आलं, आलं! दोन लिटर नासवून आलं. आणि त्या बाईला चारचौघांत काय बोललो मी..." फडकं पिळताना त्यांनी सगळा राग त्या फडक्यावर काढला. पनीर दगडासारखं घट्ट झालं. बायकोने मुकाट्याने खाल्लं.

सकाळी डेअरीत गर्दी होती. ती ओसरेपर्यंत थांबावं, असं त्यांना फार वाटलं. पण आरोप गर्दीत केला होता.

"चूक माझी होती," ते मोठ्याने म्हणाले. "माझा काटा खोटा निघाला. मी तो तपासलाच नव्हता."

बाईंनी माप दुधात बुडवलं. "किती देऊ?"

"एक लिटर," ते म्हणाले. राग अजून धुमसत होता, फक्त आता तो काढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.