दोनदा लागलेला नंबर

अमेरिकेच्या व्हिसा लॉटरीत अनुराग मिश्राचा नंबर लागला. त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे वडील बर्फीचा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"मैडम, मुँह मीठा कीजिए," ते म्हणाले. "बेटे का नाम दो बार निकला है."

मी बर्फीचा तुकडा उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

मी मूळची अमरावतीची. नवरा हवाई दलात होता, शेवटचं पोस्टिंग लखनौजवळच्या बख्शी का तालाबला. निवृत्तीनंतर आम्ही लखनौलाच राहिलो. चिनहटजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी ग्लोबल मोबिलिटी बघते. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचे कागद गोळा करायचे आणि त्यात चूक होऊ द्यायची नाही.

कुशल परदेशी माणसांना अमेरिका कामासाठी जे तात्पुरते व्हिसे देते, त्यांना वर्षाची मर्यादा आहे. पंच्याऐंशी हजार. मागणारे कितीतरी जास्त. म्हणून मार्चमध्ये कंपन्या आपापल्या माणसांची ऑनलाइन नोंदणी करतात आणि मग कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढतो. नंबर लागला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. अर्ज करायची परवानगी मिळाली, एवढंच. त्याला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. हे मी दरवर्षी प्रत्येकाला दोनदा समजावते आणि दरवर्षी लोक नंबर लागला की त्याच संध्याकाळी मिठाई वाटतात.

पूर्वी एका माणसासाठी चार कंपन्यांनी नोंदणी केली की चार चिठ्ठ्या पडायच्या. लोकांनी त्याचा इतका फायदा उठवला की नियम बदलला. आता चिठ्ठी पासपोर्टवर पडते. कंपन्या कितीही असोत, एक माणूस, एक पासपोर्ट, एक चिठ्ठी. म्हणजे दोन कंपन्यांना एकाच माणसाबद्दल होकार आला तर त्यात गैर काही नाही, फक्त दोन्हींनी पासपोर्ट एकच दिलेला असावा लागतो.

मी बर्फी डब्यात परत ठेवली.

"मिश्राजी, दूसरा फॉर्म किसने भरा?"

"उसके फूफाजी ने. न्यू जर्सी में कंसल्टेंसी है उनकी. हमने कहा, एक आप भी डाल दीजिए. फॉर्म भरने में क्या जाता है?"

हे वाक्य मी या शहरात वीस वर्षं ऐकते आहे. इथल्या घरांत मुलगा बारावी झाला की बाप फॉर्म भरायला घेतो. रेल्वे, बँक, पोलीस, जे निघेल ते. एक नाही तर दुसरं लागेल. मिश्राजी तर सरकारी खात्यातले निवृत्त बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. अलीगंजच्या घरात त्यांच्या कपाटात मुलाच्या नावाची जाडजूड फाइल आहे आणि तिच्यात प्रत्येक कागदाच्या दहा-दहा झेरॉक्स.

"पासपोर्ट कौन सा दिया?"

"जो फाइल में था."

फाइलमध्ये जुना होता. अनुरागने जानेवारीत पासपोर्ट रिन्यू केला होता. नवा नंबर आमच्या नोंदणीत, रद्द झालेला जुना नंबर फूफाजींच्या, म्हणजे त्याच्या आत्याच्या यजमानांच्या, नोंदणीत. कॉम्प्युटरला तो दोन माणसं वाटला आणि त्याने दोघांनाही निवडलं. आधीची दोन वर्षं आम्ही याच मुलाचं नाव टाकत होतो, तेव्हा एकदाही नाही. मला रडावं की ओरडावं ते कळेना.

मी अनुरागला खाली बोलावलं. त्याने सगळं ऐकलं आणि वडिलांकडे पाहिलं.

"पापा, मुझसे पूछ तो लेते."

"सोचा था, निकल आएगा तब बताएँगे," मिश्राजी म्हणाले. डबा अजून त्यांच्या हातात होता.

अनुरागला अमेरिकेची हौस नव्हती. त्याची बायको शिखा शास्त्रज्ञ आहे. दोन वर्षांपूर्वी ती टेक्ससमधल्या एका विद्यापीठात गेली, मुलीला घेऊन. विद्यापीठांना ही वार्षिक मर्यादा लागू नाही, त्यामुळे तिला लॉटरीची भानगड नव्हती. अनुराग तिच्यामागोमाग डिपेंडंट म्हणून केव्हाच जाऊ शकत होता. पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि मिश्राजींचं एकच म्हणणं होतं: "लड़का बीवी के वीज़ा पर जाके घर बैठेगा?" म्हणून हा दोन वर्षं चिठ्ठीची वाट बघत इथे थांबला होता. मुलगी तीन वर्षांची असताना गेली, आता पाच पूर्ण झाली होती. ऑक्टोबरमध्ये पप्पा येणार, असं तिला परवाच सांगून झालं होतं.

संध्याकाळी मी फूफाजींना फोन लावला. तिकडे सकाळ होती आणि गृहस्थ उत्साहात होते. मी विचारलं, तुमच्याकडे अनुरागसाठी नक्की कुठली नोकरी आहे?

"जॉब का क्या है मैडम, बना लेंगे. पहले नंबर तो लगे."

नोंदणी करताना कंपनीने शपथेवर लिहून द्यायचं असतं की नोकरी खरी आहे. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, सगळेच असं करतात. मी फोन ठेवला, कारण पुढे जे तोंडातून निघालं असतं ते ऑफिसात शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आमचे डिलिव्हरी हेड सिन्हा सर केबिनमध्ये फेऱ्या मारत होते. त्यांनी अमेरिकेतल्या क्लायंटला अनुरागचं नाव सांगून टाकलं होतं.

"फूफाजी को बोलिए चुप बैठें. हम अपना फाइल कर देते हैं. किसको पता चलेगा?"

मी म्हटलं, नाव तेच, जन्मतारीख तीच, पासपोर्ट दोन. कॉम्प्युटरला कळेल.

"पहले तो पता नहीं चला कंप्यूटर को."

हे खरं होतं आणि म्हणून जास्त चीड आणणारं होतं. मी म्हटलं, सर, अर्जावर कंपनीतर्फे तुमची सही असते, आणि आता आपल्याला माहीत आहे. त्यावर ते बसले आणि त्यांनी चहा मागवला.

अमेरिकेतल्या आमच्या वकीलबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, अर्ज करायचा तर झालेला प्रकार त्यात लिहूनच करू, लपवून मी करणार नाही. पण लिहून केला तरी तो नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त. दोन पासपोर्टांवर दोन नोंदण्या झाल्या की दोन्ही बाद करायचा अमेरिकन सरकारला अधिकार आहे. चूक कोणाची, हा प्रश्न नंतरचा. मग बंगळूरच्या हेड ऑफिसातून लीगलचा दोन ओळींचा मेल आला: अर्ज करू नये, एका केसपायी बाकीच्यांचे अर्ज संशयात येतील. मी तीन मेल पाठवून भांडले. उत्तर त्याच दोन ओळींचं.

माझा राग सगळ्यांवर होता, स्वतःवरही. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता: दुसऱ्या कुठल्या कंपनीने तुमची नोंदणी केली आहे का? अनुरागने 'नाही' लिहिलं होतं आणि तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या घरी विचारायचं मला सुचलं नाही. वीस वर्षं इथे राहून सुचायला हवं होतं.

निर्णय कळल्यावर मिश्राजी पुन्हा आले. या वेळी हातात ती फाइल होती.

"मैडम, फॉर्म में कोई खाना होगा जहाँ लिख सकें कि गलती बाप की है, लड़के की नहीं? हम लिख के दे देंगे. नोटरी भी करा देंगे."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही, हे सांगायला मला बराच वेळ लागला. ते मान हलवत राहिले, जसं काही पुढच्या वर्षी तो छापला जाईल.

मुदत संपली. नंतर नियम आणखी बदलले, फी आकाशाला भिडली, आणि कंपनीने अशा नोंदण्याच जवळजवळ थांबवल्या. माझ्या फॉर्मवर मात्र आता एक वाक्य वाढलं आहे: घरातल्या किंवा नात्यातल्या कोणी तुमच्या वतीने कुठे काही भरलं असल्यास लिहा, वडील आणि फूफाजी धरून. नवीन मुलं ते वाचून हसतात. मी त्यांना हसू देते आणि त्यांच्यासमोर त्यांच्या घरी फोन लावायला सांगते.

अनुरागने त्याच वर्षी सप्टेंबरात राजीनामा दिला. तो डिपेंडंट म्हणून जायला निघाला. त्या व्हिसाला मर्यादा नाही, लॉटरी नाही. नोकरीही नाही. मिश्राजी त्याच्या अर्जाचं प्रिंटआउट घेऊन तपासायला माझ्याकडे आले. झेरॉक्स एकही नव्हती.

"इस बार एक ही भरा है," ते म्हणाले.

मी एकेक पान बघत गेले. पासपोर्ट नंबर नवा, बरोबर. जन्मतारीख बरोबर. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबले. तिथे यादीतून एक शब्द निवडायचा असतो. त्यांनी निवडला होता: होममेकर.

"लड़के ने कहा, वहाँ घर वही देखेगा, बिटिया को वही देखेगा," मिश्राजी म्हणाले. "तो हमने यही भर दिया. झूठ तो नहीं हुआ न, मैडम?"

मी म्हटलं, नाही. अख्ख्या फॉर्ममध्ये एकही चूक नव्हती.