मसुदा करणाऱ्याचं नाव

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की दिल्लीच्या एका विद्यापीठानं संगणक आणि नवनिर्मितीतल्या कामगिरीसाठी माजी विद्यार्थ्यांना दिला जाणारा पुरस्कार यंदा मला द्यायचं ठरवलं. सार्वजनिक सुट्टी जाहीर झालेली नाही. बँका नेहमीप्रमाणे चालू राहतील.

असा पुरस्कार मिळतो कसा, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. एका प्राध्यापकांचा फोन येतो. "मॅडम, बधाई हो! बस, एक फॉर्म भर दीजिए." त्या फॉर्मात आपलं नाव आपणच सुचवायचं आणि खाली स्वतःचं मानपत्रही स्वतःच लिहायचं, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय अशा थाटात. नोएडातल्या माझ्या ऑफिसात बसून मी लिहिलं, 'त्या द्रष्ट्या आहेत.' लिहून झाल्यावर मागे कुणी उभं नाही ना, ते पाहिलं. मग लिहिलं, 'त्या अत्यंत नम्र आहेत.' हे वाक्य मला फारच आवडलं.

अडचण पुढे होती. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर कुठला कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस बसून आहे, हे दाखवतं. तीन दिवसांत हलला नाही, तर तो साहेबाच्या स्क्रीनवर लाल होतो. मानेसरचे गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने ते वापरतात, दोन-तीन हॉस्पिटलं वापरतात. सगळे म्हणतात, काय डोकं आहे! डोकं आहेच. फक्त माझं नाही.

माझे बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. कुठली फाइल कुणाकडे गेली याचं रजिस्टर ते स्वतः आखून ठेवत. तीन दिवस झाले की त्या ओळीला लाल पेन्सिलीचा टिळा. रविवारी आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर नवी पानं आखली जात आणि पट्टीचं दुसरं टोक मी धरून बसे. बाबा रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि रजिस्टरं पोत्यात भरून रद्दीत गेली. पुढे मला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, तेव्हापासून माझी खुशाली ते एकाच प्रश्नानं विचारतात. "काय, चालू आहे की बंद पडलंय?"

म्हणून मानपत्राच्या शेवटी मी ओळ घातली, की या कामाची मूळ कल्पना त्यांच्या वडिलांनी हातानं लिहिलेल्या रजिस्टरांतून आली. आणि कागद घेऊन बाबांकडे गेले. आमच्या घरातून बाहेर जाणारा कुठलाही मजकूर, मग ती मुंजीची पत्रिका का असेना, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय जात नाही. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात लाल पेन.

"द्रष्ट्या? याला आधार काय?" खोडलं.

"नम्र? हे कुणी कळवलं?" तेही खोडलं.

शेवटच्या ओळीवर त्यांनी पट्टी ठेवली आणि ती सरळ रेघेनं खोडली.

"बाबा, हे का?"

"मसुदा करणाऱ्याचं नाव मसुद्यात कधी असतं का? सही साहेबाची असते. एवढी वर्षं टिपणं लिहिली मी, एकावर तरी माझं नाव पाहिलंस?"

स्वयंपाकघरातून माझा नवरा म्हणाला, "बाबा, मग बक्षीसही साहेबालाच द्यायचं का?"

"दिलंय की," असं म्हणून त्यांनी पेन माझ्याकडे रोखलं.

मी हसले. पण चहाचे कप उचलायला वळले तेव्हा पाहिलं, बाबा त्या खोडलेल्या ओळीवर पुन्हा भिंग धरून बसले होते. एकदा वाचली, मग परत पहिल्या शब्दापासून वाचली.

मग मी ठरवलं, कागदावर नाही तर नाही, स्टेजवरून सांगायचं. प्राध्यापकांना फोन केला. "भाषण मत दीजिएगा मॅडम, सिर्फ थैंक यू. चीफ गेस्ट की फ्लाइट है."

समारंभाच्या दिवशी बाबा डांबरगोळ्यांचा वास येणारा बंद गळ्याचा कोट घालून दोन तास आधी हजर झाले आणि दुसऱ्या रांगेत बसले. समईची वात काही पेटेना. नवनिर्मितीतले आम्ही सगळे मान्यवर तिच्याभोवती काड्या ओढत उभे राहिलो. शेवटी हॉलच्या शिपायानं येऊन ती पेटवली. त्याचा सत्कार झाला नाही.

माझी पाळी आली. मागे मोठ्या पडद्यावर आमच्या सॉफ्टवेअरचं पान झळकलं. काटछाट होऊन उरलेलं मानपत्र चार वाक्यांत संपलं, आणि वेळ शिल्लक राहिल्यामुळे चीफ गेस्टनी सौजन्यानं माइकवर विचारलं, "ये आइडिया आपको आया कैसे?"

प्राध्यापक घड्याळाकडे बोट दाखवत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"आइडिया मेरा नहीं है, सर. मेरे पिताजी सालों तक हाथ से यही रजिस्टर भरते रहे. मैंने तो सिर्फ टाइप किया है."

हॉल कौतुकानं हसला. टाळ्या पडल्या. काय हा विनय! आयुष्यात एकदा सभेत खरं बोलले, तर तोही माझाच गुण ठरला.

"नहीं, सच में," मी ओरडलेच. "वो सामने बैठे हैं."

हसू थांबलं. सगळ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. बाबा पुढच्या खुर्चीला धरून हळूहळू उभे राहिले. आता त्यांचे डोळे भरून येणार, या हिशेबानं मी माझे तयार ठेवले होते. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. हवेत बोट धरून ते पडद्यावरचे रकाने डावीकडून उजवीकडे तपासत होते. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं, आणि त्या शांततेत, एकेकाळी अख्ख्या सेक्शनला ऐकू जाणाऱ्या आवाजात, चक्क मराठीत, ते म्हणाले,

"अगं, मग टाइप तरी नीट करायचंस! फाइल परत कधी आली, तो रकाना कुठाय?"