तळ्यावरनं वारं गेलं

“तळ्यावरनं वारं गेलं,” मावशी नवऱ्याला म्हणाली. पांढरं पोट वर करून तरंगणारी चिलापी मासळी ती टोपल्यात भरत होती. मी काठावर सेन्सरची दोरी सोडवत होते. मनात म्हटलं, गेलंच की. परवापासून पश्चिमेचा वारा सुटला होता, पहाटे पडला.

काका माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमचं थर्मामीटर माशाला लावा जरा. ताप हाय का बघा.”

मी नांदेडच्या कॉलेजातून रेणापूरजवळच्या या तलावाचं तापमान मोजायला येते. शाळा इंग्रजी, मराठी पुस्तकी. म्हणून ऐकणंच बरं वाटतं.

“मामंजीवरनं गेलं तसंच,” मावशी म्हणाली. “अर्धं अंग गेलं, अर्धं ऱ्हायलं.”

तेव्हा कळलं, ती लकव्याबद्दल बोलत होती. पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांपैकी काठाजवळच्यांतले मासे मेले होते. आतल्या बाजूचे दोन तगले होते.

“एकदा गेलं की गेलं. उरलं ते जगतंय. मामंजी न्हाईत का, बाजेवर बसून शिव्या देतेत.”

मी दोरी खाली सोडली. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं, तळाचं गार, आणि त्या गार पाण्यात माशाला श्वास मिळत नाही. वाऱ्यानं वरचं पाणी पलीकडच्या बांधाकडे रेटलं, तसं आमच्या काठाला खालचं वर आलं. वारा थांबला तरी तो गार थर परातीतल्या पाण्यासारखा या काठाहून त्या काठाला हिंदकळत राहतो. वरून काही दिसत नाही. सेन्सरवर आता तो खोल उतरलेला दिसत होता. मागच्या वाऱ्यानंतरही असाच उतरला होता आणि परत वर चढला होता. तेव्हा इथे पिंजरे नव्हते.

मावशीनं उरलेल्या पिंजऱ्यांत खाद्य टाकलं. पाणी खळबळलं.

“खातेत की! लई भूक लागली बगा लेकरांना.”

बोटाएवढी चिलापी. लातूरच्या बाजारात ती कुणी हातात धरणार नाही, हे मलाही माहीत होतं. वर्षभराचं मावशीचं एवढंच उरलं होतं. पिंजरे ओढून न्यायला होडीही नव्हती.

काका म्हणाले, “मॅडम, सांगा की, काय म्हणतंय तुमचं मशीन?”

“मावशी, ते पाणी परत येणार. जिवंत आहेत तोवर सगळे काढा. आजच.”