भट्टीची ओढ

आमच्या ह्यांना सगळी गल्ली भट्टीकाका म्हणायची. लग्नाआधी मावशीने मला त्यांना लांबून दाखवलं, पावाच्या भट्टीसमोर. "तो बघ, लांब दांड्याची फळी धरलेला." बघते तर भुवया पांढऱ्या, केस पांढरे, मिशी पांढरी. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, की मला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतायत. संध्याकाळी तोच म्हातारा अंघोळ करून आमच्या दारात उभा राहिला, तर केस काळेभोर. पीठ होतं ते सगळं. पुढे जन्मभर चिडवत राहिले, "रडलीस ती म्हातारा म्हणून, की म्हातारा निघालो नाही म्हणून?"

तेच पीठ त्यांच्या छातीत जाऊन बसलं.

आधी नुसता खोकला होता. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. गंमत अशी की सुट्टीच्या दिवशी माणूस ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी पोती उघडली की पुन्हा धाप. आमच्या घरात कुणाला काही झालं की आधी पातेलं चढायचं. सासूबाईंचा काढा म्हणजे अडुळशाची पानं, आलं, ज्येष्ठमध, आणि गाळून कोमट झाल्यावर मध. वर पाल्याची धुरी. त्या धुराने हे आणखी खोकायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "बघ, सुटतोय कफ!" सुटत काही नव्हतं, जीव तेवढा सुटायचा राहिला होता.

शेवटी मीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि दोन पंप दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. दुसरा धाप लागली की ओढायचा, तो कायम खिशात. काढ्यात काय काय घालता तेही विचारून घेतलं. म्हणाल्या, "घशाला बरं वाटतं ना, मग घ्या थोडा. पण पंपाच्या जागी नाही. आणि धुरी आजपासून बंद."

सासूबाई घरी फणफणल्या. "काल दुधाचे दात पडलेली पोरगी, आणि माझी धुरी बंद करते!"

पण खरा घाव पुढे होता. बाई म्हणाल्या होत्या, पीठ सोडावं लागेल. भट्टीच्या मालकांनीही पाहिलं होतं त्यांना पोत्यावर डोकं टेकून धापा टाकताना. माणूस चांगला. म्हणाले, "तो पंप सुटला की ये रे. तुझी जागा कुठे जात नाही."

तेवढं एक वाक्य धरून हे बसले.

ओळखीने कुलपांच्या दुकानात काम मिळालं. स्वच्छ काम, बसून करायचं. कपाट उघडायचं, कुलूप काढायचं, किल्ली फिरवून दाखवायची. घरी आले की विचारायची, कसं काय चाललंय? तर म्हणायचे, "लोखंडाला वासच नाही गं." दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा भट्टीतून दुसरा घाणा निघायची वेळ असायची. वारा आमच्याकडचा असला की गल्लीभर वास. हात घासावर तसाच थांबायचा. मी म्हणायची, "जेवा, गार होतंय." ते म्हणायचे, "आज जरा जास्त भाजला बहुतेक." मग जेवायचे, पण जेवण पोटात आणि माणूस भट्टीत.

त्यांच्या डोक्यात गणित पक्कं झालं होतं. पंप सुटला म्हणजे बरा झालो, बरा झालो म्हणजे भट्टी. मग रोजचा पंप त्यांनी गुपचूप सोडला. काढा मात्र दोन्ही वेळा, पेला चाटूनपुसून. काही आठवडे खरंच छान गेले. शिट्टी नाही, धाप नाही. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "अडुळसा आहे आमच्या परसात, डॉक्टर काय करायचेत?" आधीच्या औषधाचा जोर अजून छातीत उरलाय, हे कुणाच्या ध्यानात येणार? पंप फळीवर होता, मला वाटायचं घेतायत.

एक दिवस दुपारी जेवून उठले आणि ट्रंकेतला जुना एप्रन काढला.

"कुठे निघालात?"

"मालकांना सांगून येतो, मी बरा झालो. पंप सुटला माझा."

"सुटला? कुणी सोडवला?"

"आईच्या काढ्याने," म्हणाले, आणि असे हसले की मला पुढे बोलवेना. लग्नातसुद्धा इतके हसले नव्हते.

दोन्ही पंप फळीवरच राहिले. मला ते दिसले तेव्हा हे गल्लीच्या टोकाला वळले होते. धाप लागली की ओढायचा तो पंप उचलून मी त्यांच्या मागे पळाले. भट्टीवर पोचले तर त्यांनी नवीन पोतं फोडून परातीत ओतलेलं, पिठाचा ढग अजून खाली बसला नव्हता, आणि त्या ढगात हे गुडघ्यावर. ओठ निळसर. बोलायला वारा नव्हता, नुसते डोळे माझ्याकडे. मी त्यांना उघड्यावर ओढून पंप तोंडाला लावला. मालकांनी पावाच्या गाडीतच घालून दवाखान्यात नेलं.

दोन दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. डॉक्टरीणबाईंनी न रागावता विचारलं, "रोजचा पंप घेत होता का काका?" ह्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मुखवटा जरा बाजूला करून म्हणाले, "भट्टी एकदा तापली की लाकूड कोण घालत बसतं?"

आता मला बोलावंच लागलं. "भट्टीचं मला सांगू नका. खमिराचं सांगा. फुगलेलं खमीर बघून तुम्ही कधी त्याला पीठपाणी द्यायचं थांबवलंत? मला माहेरी पाठवताना नाही, पण खमिराला उपाशी ठेवताना तुमचा जीव तुटायचा."

बाई हसल्या. हे हसले नाहीत. म्हणाले, "मग पंप कधीच सुटायचा नाही का?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "पंप कमी होईल कदाचित. पीठ मात्र परत नाही, काका."

घरी आल्यावर सासूबाईंनी काढा केला, पण पेला हातात देईनात. पंप पुढे सरकवला. "आधी हा ओढ, चूळ भर. मग माझा." हरलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो, आईचा होता. त्या दिवसापासून आमच्या घरात हाच नियम झाला, पंपावाचून काढा नाही. आणि काढ्याची चटक अशी की पंप चुकला नाही.

श्वास ताळ्यावर आला. भट्टीची ओढ काही ताळ्यावर येईना. पुढे मालकांनी त्यांच्या जागी दुसरा कारागीर घेतला. मालक स्वतः सांगायला आले होते. हे म्हणाले, "बरं केलंत. भट्टी गार ठेवू नये." मालक गेल्यावर आमच्या दाराचं कुलूप हातात घेऊन उघडत बंद करत बसले.

मला ते बघवेना. डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, उडतं ते कोरडं पीठ वाईट. ओलं झाल्यावर, सगळं ओल्या फडक्याने पुसून, मग त्यांच्या हातात देऊन बघा, पण शिट्टी वाजली तर लगेच बंद. मग मी स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडून पावाची कणीक मळायला घेतली. दाराबाहेरून सूचना सुरू.

"पाणी एकदम ओतू नकोस!"

"इतकी वर्षं पोळ्या काय शेजारणीने लाटल्या तुमच्या घरात?"

"पोळी वेगळी. पाव रागावतो. तळहाताच्या टाचेने दाब."

मळून झालं. ओटा पुसला, फरशी पुसली, माझे हातसुद्धा. ओढणीवर पडलेलं पीठ दिसलं म्हणून ती बदलली. थोडा वेळ वारा खेळू दिला आणि मग दार उघडून तो गोळा त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबला. खड्डा हळूहळू भरून वर आला. पुन्हा दाबला. मी कान देऊन छाती ऐकत होते. शिट्टी नव्हती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, माझ्याशी नव्हे, त्या गोळ्याशी.

"द्या आता," मी म्हटलं. "भाजायचाय."

"थांब जरा."

"फुगून उतू जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले. "भाजला की संपलं ना गं. अजून थोडा राहू दे हातात."